मदत हवी आहे: कॉर्पोरेट लॉ फर्म सोडून बेळगावात वकिली
मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये करार आणि ड्यू डिलिजन्सचंच (व्यवहाराआधी कंपनीची कागदपत्रं तपासण्याचं) काम केलं, कोर्टात उभं राहण्याचा सराव नाही. कन्नड बोलता येतं, लिहिताना अडतं. त्यामुळे तालुका कोर्टातले दावे आणि न्यायाधीशपदाची परीक्षा सध्या बाजूला ठेवलीय.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकशी केली. कारखान्यात पूर्णवेळ पगारावर गेलं की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते, म्हणून नोकरी नको. पण तिथल्या खरेदी ऑर्डरी पाहिल्या. कास्टिंगमधलं (ओतीव भागातलं) ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची पोकळी, मशिनिंग झाल्यावर दिसतं, आणि तो माल परत आला तर मशिनिंगचा खर्च कोणाचा, याबद्दल एक ओळही नाही. लवाद कुठे, तेही नाही. असे करार नीट लिहून द्यायचं काम करायची मनापासून इच्छा आहे.

सनद (वकिलीची नोंदणी) महाराष्ट्र-गोव्याची आहे. अधिवक्ता कायद्याच्या कलम 18 खाली ती कर्नाटकात विनाशुल्क बदलते. कलम 30 मुळे तशीही देशभर चालते. कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ जवळ, पण ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे.

दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी सांगावं: सनद बदलावी की ठेवावी? आणि लहान फाउंड्रीवाले (ओतकामाचे कारखानदार) मासिक रिटेनर, म्हणजे ठरलेली मासिक फी, देतात, की दर कराराची फी घ्यावी?