कार्बाइन पोलादापेक्षा खरंच ताठ काय वो?

टर्नर_उद्यमबाग: रोज ईएन-8 पोलादाचे रॉड टर्न करतो. पोरगा व्हिडिओ दाखवतोय, कार्बाइन म्हणून कार्बनचा प्रकार आहे, म्हणे पोलादाच्या दीडशेपट ताठ. मग त्याची शाफ्ट बाजारात का मिळत नाही?

खानापूरकर: शाफ्ट कुठली, कार्बनच्या अणूंची, एकाच अणूच्या जाडीची साखळी ती! 2013 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात याकोब्सन यांच्या गटानं गणितानं काढलेला ताठपणाचा आकडा: 32.7 टेरापास्कल. पोलाद 0.2. पण साखळीची जाडी किती धरता त्यावर हा आकडा फिरतो, व्हिडिओवाले ते सांगत नाहीत. वजनामागे ताठपणा बघा: ग्राफीनच्या (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पत्रा) साधारण दुप्पट. मी एवढंच धरतो. एक साखळी 10 नॅनोन्यूटन ओढीच्या आसपास तुटते. किलोभर टांगायला शंभर कोटी साखळ्या, त्याही सगळ्यांवर सारखा ताण आला तर.

टर्नर_उद्यमबाग: मग वळायचा की दोर.

निपाणीची_बाई: तिथंच घोडं पेंड खातं, दादा. दोन साखळ्या जवळ आल्या की एकमेकींशी बंध जोडतात, कार्बाइन उरतच नाही. 2016 मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी दुपदरी नॅनोट्यूबच्या (कार्बनची अतिसूक्ष्म नळी) आत 6,000 हून जास्त अणूंची साखळी वाढवली. नळीच्या आडोशाला होती म्हणून टिकली.