मदत हवी आहे: ७६ वर्षांच्या वडिलांना अंदमानच्या कॉर्बिन्स कोव्हला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. डिसेंबरात अण्णांना घेऊन अंदमानला निघालोय. पुण्याहून चेन्नई, तिथून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल बघायचं हे अण्णांच्या फार वर्षांपासून मनात आहे. तिथे शिक्षा भोगलेले बाबाराव सावरकर १९४५ साली वारले ते आपल्या सांगलीतच. आजोबा त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते, हे अण्णा लहानपणापासून ऐकत आलेत. त्यामुळे जेलसाठी मी अख्खा दिवस मोकळा ठेवलाय.

प्रश्न आहे तो कॉर्बिन्स कोव्हचा. शहरापासून सातेक किलोमीटरवरचा हा किनारा. १८६३ च्या सुमारास तिथल्या आदिवासींसाठीचं 'अंदमान होम' चालवणारा पाद्री हेन्री कॉर्बिन, त्याच्या नावाचा. वाटेत जपानी फौजेने १९४२ ते ४५ मध्ये बांधलेले बंकर लागतात, तेही अण्णांना दाखवायचेत.

अण्णा रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जातात. चपला पायरीवर जोडून ठेवतात आणि घोट्यापर्यंत पाण्यात पाय सोडून बसतात. समुद्रातही एकदा तसंच बसायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. पण दोन्ही गुडघे गेलेत. खाली बसले की आधाराशिवाय उठता येत नाही.

एजंटने हा किनारा संध्याकाळी पाचला टाकलाय. तिथेच माझं त्याच्याशी वाजलं. अंदमान आपल्यापेक्षा १८ अंश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात आपल्याकडे सहाला मावळतं, तिथे पाचलाच. अंधारात त्यांना वाळूत कसं चालवायचं? शिवाय किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, मावळता सूर्य समुद्रात दिसणारच नाही. मी म्हणतोय पहाटे साडेपाचला जाऊ, सूर्योदय समोर मिळेल. तो म्हणतो, एवढ्या लवकर कोणी जात नाही.

दुसरी काळजी मगरीची. कृष्णेतल्या मगरी आपण बघतच आलोय, घाटावर कुठे उतरायचं नाही हे अण्णांना पाठ आहे. पण तिकडची खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या मगरीपेक्षा कितीतरी मोठी आणि जास्त आक्रमक. पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांना पाण्याच्या कडेला बसवायला माझं मन धजत नाही.

वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा:

रिक्षा वाळूच्या किती जवळ जाते? पाण्यापर्यंत किती पावलं चालावं लागतं? सकाळी जीवरक्षक किती वाजता येतात? आणि प्लास्टिकची खुर्ची भाड्याने मिळते का? मिळत असेल तर ती पाण्याच्या कडेला ठेवून, मागे मी उभा राहीन. उजाडल्यावर सात-साडेसातला गेलो तरी चालेल, फक्त ऊन चढायच्या आत व्हायला हवं.

तिकिटं झालीत, गाडीचं वेळापत्रक या रविवारपर्यंत बदलता येईल. त्याआधी कुणी कळवलंत तर फार मदत होईल.