'हंस दमयंती'ची हाताने रंगवलेली प्रत: अस्सल कशी ओळखायची?

परभणीहून: मंडळी, आईला नळ-दमयंतीचं आख्यान तोंडपाठ आहे. तिच्यासाठी राजा रविवर्म्याच्या 'हंस दमयंती'ची (१८९९) ऑइलमधली प्रत घ्यायचीय. दुकानात दाखवलेल्या प्रतीवर ब्रशचे फटकारे दिसले, पण सगळे एकसारखे. हाताचं काम कसं ओळखू?

लातूरहून: ताई, ती प्रत खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात बघा. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेल फिरवतात. मग फटकारा एकीकडे जातो आणि रंगाची कड दुसरीकडे. भिंगातून छपाईचे ठिपकेही दिसतात.

मी अशा प्रती रंगवते. जीव खाते ती दमयंतीची लाल साडी. लाल रंग थेट फासला तर साडी पत्र्यासारखी दिसते. आधी मातकट तपकिरीत चुण्या बसवायच्या, तो थर वाळू द्यायचा, मग जवसाच्या तेलात पातळ केलेला लाल वरून चढवायचा. खालच्या थरात तेल कमी, वर जास्त. उलटं झालं की रंग तडकतो. म्हणून आठवड्यात घरपोच देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रत करायला कायद्याची अडचण नाही, रविवर्मा १९०६ साली गेले. मात्र खाली त्यांची सही नको, प्रत करणाऱ्याचं नाव हवं.

छत्रपती संभाजीनगरहून: आईंना वेरूळच्या कैलास लेण्यातले रामायण-महाभारताचे शिल्पपट्टही दाखवा.

परभणीहून: लातूरच्या ताई, तुम्हीच काढून द्याल का? दिवाळीपर्यंत थांबते.

लातूरहून: देते. पण व्हार्निश लावायचं ते रंग पुरता वाळल्यावर, सहा महिन्यांनी; तेव्हा चित्र परत आणावं लागेल.