मदत हवी आहे: मोसंबीच्या बागेतल्या ओलावा-नोडसाठी मायक्रोकंट्रोलरची कोणती फॅमिली धरावी?

नमस्कार मंडळी,

अंबड तालुक्यात आमची चार एकर मोसंबी आहे, ठिबकवर. जमीन काळी, भारी. आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण देतात, तेव्हा अण्णा रोज सकाळी बुंध्यापासून हातभर अंतरावर उकरतात आणि माती मुठीत दाबून बघतात. ताण कमी बसला तर फूल नीट निघत नाही, जास्त झाला तर झाडच खचतं. अण्णांचा हात सहसा चुकत नाही, पण चार एकरांत सगळीकडे माती सारखी नाही आणि आता त्यांचे गुडघेही दुखतात. म्हणून मी जमिनीतला ओलावा मोजणारा नोड बनवायला घेतलाय, म्हणजे सेन्सर, मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी चिप) आणि रेडिओ असलेला छोटा डबा. दर १५ मिनिटांनी एक फूट आणि दोन फूट खोलीवरचं रीडिंग घ्यायचं, लोरावरून (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) आखाड्यावरच्या गेटवेला (रीडिंग गोळा करणारा डबा) पाठवायचं आणि परत झोपायचं. अंतर ७०० मीटरच्या आत. सेल निदान दोन वर्षं बदलावा लागू नये, म्हणजे दोन बहारांचे ताण एकाच सेलवर निघतील.

पहिला नमुना मी तयार बोर्डावर केला होता, त्यावर एटमेगा३२८पी ही चिप. २६०० एमएएचचा (मिलिअँप-तास, सेलची क्षमता) लिथियम सेल लावला आणि नोड ११व्या दिवशी बंद पडला, ऐन ताणात. मीटर लावलं तर झोपेतसुद्धा ९ मिलिअँप जात होते. चिप पॉवर-डाउनमध्ये (गाढ झोपेत) गेली की वॉचडॉग (जागं करणारा टायमर) चालू ठेवूनही काही मायक्रोअँपच घेते, त्यामुळे चिपला बोल लावता येत नाही. रेग्युलेटर, पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप, या तिघांनी मिळून सेल संपवला. तेव्हाच ठरवलं की बोर्ड स्वतःचा करायचा. आणि आता चिप निवडताना अडलेय.

माझ्यासमोर तीन नावं आहेत. पहिलं एमएसपी४३०, तेही एफआर मालिकेतलं. १६ बिटचं आहे, पण त्यात फ्लॅश मेमरीऐवजी एफरॅम नावाची मेमरी असते. लिहिण्याआधी मेमरीचं पान पुसायची भानगड नाही, लिहायला ऊर्जा फार कमी लागते आणि १०^१५ वेळा लिहिता येतं. मध्येच वीज गेली तरी शेवटची नोंद जागेवर राहते, हे मला फार आवडलं. दुसरं एसटीएम३२एल०. कॉर्टेक्स-एम०+, १.६५ व्होल्टपर्यंत चालतं, आरटीसी (चिपमधलं घड्याळ) चालू ठेवून स्टॉप मोडमध्ये (झोपेत) एक मायक्रोअँपच्या आसपास. एलक्यूएफपी पॅकेजमध्ये (पाय बाहेर असलेल्या) मिळतं, म्हणजे घरच्या सोल्डरिंग आयर्नने लावता येईल. तिसरं एसटीएम३२डब्ल्यूएलई५, ज्यात लोराचा रेडिओ त्याच चिपमध्ये आहे. पण त्याचं पॅकेज क्यूएफएन किंवा बीजीए, म्हणजे जोड चिपच्या पोटाखाली. हॉट एअर माझ्याकडे नाही आणि अँटेनाचं मॅचिंग (रेडिओशी जुळवणं) मी आजवर कधी केलेलं नाही.

ईएसपी३२ आधीच बाजूला ठेवलं. डीप स्लीपमध्ये चिप १० मायक्रोअँपवर येते, पण वायफाय पाठवताना २०० मिलिअँपच्या वर जाते, आणि बागेत वायफाय पोचवणार कुठून?

खरा गोंधळ वेगळाच आहे. आठवडाभर मी डेटाशीटमधले झोपेचे आकडे शेजारी शेजारी मांडत होते. ०.५ की ०.८ की २ मायक्रोअँप, यातच अडकले होते. मग काल रात्री सगळा हिशोब वहीत मांडला. एका खेपेला रेडिओ ४५ मिलिअँपने ४०० मिलिसेकंद चालतो असं धरलं: १८ मिलिअँप-सेकंद. दोन कपॅसिटिव्ह सेन्सर मिळून १० मिलिअँप, ३०० मिलिसेकंद: ३. चिप जागी राहण्याचे आणि बाकीचे मिळून २. एकूण २३. दिवसाला ९६ खेपा, म्हणजे रोज साधारण ०.६१ एमएएच आणि वर्षाला सव्वादोनशेच्या घरात. आता झोप बघा. ०.५ मायक्रोअँपवाली चिप वर्षभर झोपून साडेचार एमएएच खाते, २ मायक्रोअँपवाली साडेसतरा. फरक १३ एमएएचचा! ज्यावर आठवडा घातला, तो एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आत आहे.

माझा हा हिशोब बरोबर आहे का? आणि बरोबर असेल, तर मग फॅमिली कशावरून निवडायची? एफरॅमसाठी एमएसपी४३० शिकून घेणं फायद्याचं ठरेल का? कॉलेजात आम्ही ८०५१ केलं, नोकरीत एसटीएम३२एफ१०३ वर दोन वर्षं काम केलंय.

सेल म्हणून लिथियम थायोनिल क्लोराइडचा एए आकाराचा ३.६ व्होल्टचा घ्यायचा विचार आहे, २४०० एमएएचचा. सेलचा व्होल्टेज मोजायला १०० के (किलो-ओहम) आणि १०० के रेझिस्टरांचा दुभाजक (व्होल्टेज निम्मा करणारी जोडी) ठेवलाय. शेजारच्या दोघांनी नोड मागितलेत, एकूण ४० तरी होतील. त्यांच्या बागेत मला ११व्या दिवशी बंद पडणारी वस्तू लावायची नाही.

प्रतिसाद १

ताई, हिशोब बरोबर आहे. हा हिशोब बहुतेक जण बोर्ड बनून आल्यावर करतात, तुम्ही आधीच केलात.

पण एक गळती तुमच्या वहीतून सुटलीय. तो दुभाजक. ३.६ व्होल्टला २०० के म्हणजे १८ मायक्रोअँप, रात्रंदिवस. वर्षाला १५८ एमएएच. चिपांमधल्या ज्या फरकावर तुम्ही आठवडा घातला, त्याच्या बारा पट. वरच्या बाजूला पी-चॅनल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घालून मोजण्यापुरताच चालू करा. एल०मध्ये आतला व्होल्टेज रेफरन्स (ठरलेला व्होल्टेज) एडीसीवर (व्होल्टेज मोजणारा भाग) वाचता येतो. चिप थेट सेलवर चालवणार असाल तर त्यावरूनच सेलचा व्होल्टेज काढता येतो, दुभाजक लागतच नाही. सेन्सरची वीजही अशीच तोडा, पण तेव्हा त्याच्या सिग्नलच्या पिना चिपकडून हाय ठेवू नका, नाहीतर वीज मागच्या दाराने सेन्सरमध्ये शिरते. मी वाळूजला मीटरच्या बोर्डांवर काम करतो. झोपेत ३०० मायक्रोअँप का जातायत हे शोधण्यात आमचे चार दिवस गेले होते. तरंगत्या (कशालाच न जोडलेल्या) पिना निघाल्या. न वापरलेल्या सगळ्या पिना अॅनालॉग मोडमध्ये टाका, आणि मोजताना डीबगर (प्रोग्रॅम तपासायला चिपला जोडतात ते यंत्र) काढून ठेवा.

एफरॅम चांगलंच आहे, पण तुमच्या कामाला त्याची गरज दिसत नाही. एसटीएम३२एल०५१ मध्ये २ केबी ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आहे, एका जागी लाखभर वेळा लिहिता येतं. एक नोंद ८ बाइटची धरा. ९६ नोंदी गोल फिरवल्या तर ७६८ बाइट लागतात आणि प्रत्येक जागेवर दिवसातून एकदाच लिहिलं जातं. तुमची बाग म्हातारी होईल, ईईप्रॉम नाही. एफ१०३ हाताखालून गेलंय, तर एल० घ्या आणि रेडिओ तयार मॉड्यूलचा लावा. ४० नोड विकायचे असतील तर डब्ल्यूपीसीचं (सरकारचा वायरलेस विभाग) ईटीए (उपकरणाची मंजुरी) लागेल, तिथेही तयार मॉड्यूल सोयीचं पडतं. डब्ल्यूएलई५ चारशे नोडांच्या वेळी बघा.

अजून दोन गोष्टी. डेटाशीटचा पहिला आकडा २५ अंशांचा असतो. मे महिन्यात उन्हात बंद डबा ६० अंशांच्या पुढे जातो आणि गळती अनेक पटींनी वाढते, म्हणून ८५ अंशांचा रकाना वाचा. दुसरं, थायोनिलचा सेल बरेच दिवस झोपून राहिला की आत थर धरतो आणि एकदम ४५ मिलिअँप मागितले की व्होल्टेज बसतो. समांतर कमी गळतीचा मोठा कपॅसिटर द्या.

आणि भारी काळ्या जमिनीत १५ मिनिटांत असं काय बदलतं? मोजा १५ मिनिटांनी, पाठवा तासातून एकदा, चार रीडिंग एकत्र. निरोप थोडा लांबेल, तरी रेडिओचा खर्च तिसऱ्या हिश्शावर येईल. एवढी बचत कुठलीही चिप बदलून होणार नाही.

प्रतिसाद २

विजेतलं मला कळत नाही, मोसंबीतलं सांगतो. ताणात काळी जमीन भेगाळते. सेन्सरच्या बाजूने भेग गेली की तो माती सोडून हवा मोजतो आणि रीडिंग एकदम कोरडं येतं. आमच्याकडे असंच झालं आणि पाणी आठ दिवस आधी सोडलं गेलं. सेन्सर गाडताना त्याच जागच्या मातीचा चिखल करून भोवती घट्ट भरा, आणि एका झाडावर भरवसा ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी लावा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुभाजकाचं वाचलं आणि लगेच सर्किट उघडलं. चिप थेट सेलवरच आहे, त्यामुळे दुभाजक काढून टाकला, आतल्या रेफरन्सवरूनच मोजेन. एसटीएम३२एल०५१ आणि तयार रेडिओ मॉड्यूल नक्की केलंय. तासाला एकदा पाठवायचं अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, मला तर सकाळी एकदाच कळलं तरी चालतंय.

एक अडचण राहिली. मीटर मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवलं की नोड जागा होताना रीसेट होतो. पाठवताना मीटरच्या आतच व्होल्टेज पडतो, असं वाटतंय. झोप आणि जाग दोन्ही एकत्र मोजायला तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

बरोबर ओळखलंत, ताई. सेलच्या ऋण बाजूला १० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यावर ऑसिलोस्कोप लावा. ४५ मिलिअँपला ४५० मिलिव्होल्ट दिसतील, जागेपणाचा सगळा आलेख मिळेल. सेल ३.६चा आहे, तेवढी घट सोसवते. स्कोप मेनवर असेल तर त्या वेळी बोर्डाला दुसरं काही जोडू नका. झोप वेगळी मोजा: मीटरच्या दोन्ही टोकांना आडवा एक स्विच लावा, नोड झोपेपर्यंत तो ऑन (जोडलेला) ठेवा, झोपला की ऑफ करा आणि आकडा वाचा. पुढची जाग यायच्या आत परत ऑन करा. १५ मिनिटं हातात असतात.