आईच्या लग्नपत्रिकेत नावाआधी काय लिहावं?

जुळे_सोलापूर
आईचं लग्न ठरलंय. ती ५२ वर्षांची आहे, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ज्यांच्याशी ठरलंय ते काका नोकरीतून निवृत्त झालेत, त्यांच्या पत्नीही सहा वर्षांपूर्वी गेल्या. नोंदणी विवाह आहे. नोटिशीचे ३० दिवस संपत आले, नंतर घरच्यांचं जेवण. निमंत्रक मी आणि माझा भाऊ.

मजकूर घेऊन नव्या पेठेत छापखान्यात गेले. काकांच्या नावाआधी त्यांनी न विचारता 'श्री.' टाकलं. आईच्या नावापाशी हात थांबला. "ताई, इथं काय घालू? सौ. अजून न्हाईत. श्रीमती लग्नपत्रिकेत बरं दिसत न्हाई. चि. सौ. कां. घालू का?" मला उत्तर देता आलं नाही. आई म्हणते नुसतं नाव घाल. मामा म्हणतात बोडकं नाव शुभकार्यात चालत नाही. कुणी सांगेल का?

करडई
चि. सौ. कां. बिनधास्त लिहा. चिरंजीव म्हणजे दीर्घायुषी, सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. यात वय कुठे आलं? उलट विशीतल्या मुलीला आपण काय मागतोय ते कळत नसतं. ५२ व्या वर्षी ते मागणारी बाई पूर्ण विचार करून मागते.

शुद्धपक्ष
शब्द फोडून अर्थ लावता येतो, पण संकेतही अर्थच असतो. चि. सौ. कां. हे प्रथमवधूसाठी रूढ आहे. योग्य शब्द 'श्रीमती'. श्रीमान्‌चं स्त्रीलिंगी रूप. विधवेशी त्याचा मुळात काही संबंध नाही.

हजेरीपट
मुळात नसेल, व्यवहारात आहे. मी शाळेत रुजू झाले तेव्हा कार्यालयानं सगळ्या शिक्षिकांच्या नावाआधी श्रीमती लिहिलं होतं. सासूबाई एकदा डबा द्यायला आल्या, फळा वाचला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माझा मुलगा धडधाकट आहे की गं." दुसऱ्या दिवशी मी अर्ज देऊन 'सौ.' करून घेतलं. आता हे गेल्यावर पुन्हा श्रीमती झाले. एका अक्षरानं अख्ख्या स्टाफला माझ्या घरातली बातमी कळते. म्हणून आई म्हणतात तेच मला पटतं, नुसतं नाव.

पंचांगवाला
जुन्या मराठीत या लग्नाला स्वतंत्र शब्द होते. पाट लावणे, मोहोतूर लावणे. मोहोतूर म्हणजे आपला मुहूर्तच. अख्खा महाराष्ट्र मुहूर्तासाठी सोलापुरातून निघणारं दाते पंचांग उघडतो, आणि त्याच शब्दाचं घासलेलं रूप आपण कमीपणाचं ठरवून टाकून दिलं. मला 'मोहोतूर' पत्रिकेत पाहायला आवडेल.

हजेरीपट
तो कमीपणाचा ठरला कारण लग्न लागे कुमारिकेचं आणि विधवेचा लागे पाट. शब्द वेगळा ठेवला तो दर्जा वेगळा ठेवायलाच. १८५६ च्या कायद्यानं विधवाविवाह कायदेशीर झाला, तरी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातलाच. त्या काळातला शब्द कुणाच्या आईच्या पत्रिकेत नको.

साखरपेठ
आमच्याकडं तेलुगूत मारुमनुवु म्हणतात. मनुवु म्हणजे लग्न, मारु म्हणजे पुन्हा. माझ्या आत्याचं झालं तेव्हा घरात मागावर चादर चालू होती, आज्जीनं माग थांबवून सगळ्यांना सांगितलं. सुतात गाठ आली की नवा धागा जोडून विणकर पुढं जातो की ओ, कापड तेच राहतं.

शुद्धपक्ष
मूळ मुद्द्यावर येतो. 'विधवा' म्हणजे वि + धव, धव म्हणजे नवरा. लग्न झालं की धव आला, म्हणजे शब्द आपोआप गळतो. नोटीस दिली तेव्हा त्या विधवा होत्या, लग्नाच्या दिवशी नसतील. पत्रिका मधल्या दिवसांतली आहे म्हणून अडचण.

अडकित्ता
ती फोड मागाहूनची. लॅटिनमध्येही विदुआ आहे, शब्द फार जुना आहे. विधवा शब्दात आधी 'वि' पाहिला आणि मग उरलेल्या 'धव'ला नवरा हा अर्थ दिला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे विधवेवरून नवरा आलाय. नवऱ्यावरून विधवा नाही.

पंचांगवाला
एप्रिल २०२३ मध्ये मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवाऐवजी 'गं. भा.' वापरायचं सुचवलं तेव्हाही टीका झालीच होती. गंगा भागीरथी शब्द म्हणून पवित्र आहे, पण नावाआधी लागला की कपाळाकडं बघायला लावतो.

करडई
त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती कल्पना धरून बसलेले प्रमोद झिंजाडे आपल्या करमाळ्याचे. बांगड्या, कुंकू यांवर ठराव झाला. नावाआधीच्या अक्षरांवरही व्हायला हवा.

अडकित्ता
धागाकर्त्या ताई, तुम्ही काकांना काय म्हणणार? 'सावत्र वडील' म्हणू नका हो. सपत्नी म्हणजे सवत. सवतीचं ते सापत्न, त्यावरून सावत्र. सावत्र आई होऊ शकते. सावत्र बाप व्युत्पत्तीत बसतच नाही.

करडई
तेल म्हणजे तिळाचं. मग करडईचं तेल आपण सोलापूरकर कसं खातो?

अडकित्ता
खाण्याचा शब्द कुणाच्या जिव्हारी लागत नाही. सावत्र लागतो.

जुळे_सोलापूर
माझी चार वर्षांची मुलगी त्यांना पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणते. तिला कुणी शिकवलं नाही. मी काका म्हणते. भाऊ अजून 'अहो' म्हणून भागवतो, आणि त्याच्यावर कुणी घाई करू नये असं मला वाटतं. काकांच्या मुलीनं मला परवा फोनवर एकदम 'ताई' म्हटलं तेव्हा मात्र रडू आलं. पण पत्रिकेचं सांगा ना.

बाळीवेस
ताई, आपल्या सोलापूरच्या यात्रेत भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता पडतात, त्याआधी संमती वाचतात. गावाला पाठ असलेला शब्द आहे. 'आमची आई अमुक आणि काका अमुक परस्परांच्या संमतीने विवाहबद्ध होत आहेत' असं वाक्यच करा. नावाआधी काही लागणार नाही.

शुद्धपक्ष
कुठलं लग्न संमतीशिवाय असतं? तो शब्द लिहिला की वाचणाऱ्याला शंका येते.

हजेरीपट
संमती न विचारता झालेली लग्नं आमच्या पिढीनं पाहिलीत. लिहू दे.

जुळे_सोलापूर
सगळं आईला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांच्या नावाआधीचं श्री. पण काढ. दोघांची नावं सारखी दिसू देत." काकांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. मामांना अजून सांगितलेलं नाही. छापखान्याला उद्या अकरापर्यंत कळवायचंय.

शुद्धपक्ष
वराच्या नावाआधी 'श्री.' नव्हे, 'चि.' लागतं. ते काढण्याआधी हे तरी ठरवू.