मदत हवी आहे: सोसायटीच्या बागेत पाऊल टाकत जायचे रबरी ठोकळे

प्रश्न: जागा 6 × 4 मीटर, खाली वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक. पुरवठादार 40 सें.मी. व्यासाचे काळे, घुमटाकार 8 ठोकळे देतोय आणि ‘पेव्हरवरच चिकटवू’ म्हणतोय. मुलं 3 ते 10 वर्षांची. एक मूल व्हीलचेअर वापरतं, एकाला अंधुक दिसतं. दोघांनाही खेळता यायला हवं. काम पावसाळ्याआधी संपवायचंय. काय बदलावं?

उत्तर 1: पेव्हरवर अजिबात चिकटवू देऊ नका. पावसात खालची वाळू सरकते, पेव्हर खचतो आणि ठोकळा डुलायला लागतो. मुलाचा पाय कडेवर पडला की घोटा मुरगळलाच. शिवाय ठोकळा कितीही मऊ असो, तोल गेलेलं मूल बाजूच्या जमिनीवर आपटतं.

पेव्हर काढा, मुरूम दाबून 10 सें.मी. काँक्रीट घाला, पाणी वाहून जाईल असा 1 टक्का ढाळ ठेवा. त्यावर एसबीआर (जुन्या टायरच्या रबराचे) दाण्यांचा धक्का शोषणारा थर, वर 10-15 मि.मी. ईपीडीएम (रंगीत कृत्रिम रबराचे दाणे). एसबीआर किती जाड हवा ते पडण्याच्या उंचीवर ठरतं. ईएन 1177 (खेळाच्या जागेतली जमीन पडण्याचा धक्का किती शोषते ते मोजणारी युरोपीय चाचणी) चा अहवाल मागा. एचआयसी, म्हणजे डोक्याला इजा होण्याच्या धोक्याचा आकडा, 1000 च्या आत हवा, आणि अहवाल तुमच्याच जाडीचा हवा. ठोकळ्यांभोवती दीड मीटर मोकळं सोडा.

काँक्रीटला 28 दिवस द्या, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीलाच ओतायला हवं. मग प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. खाली घाम दिसला तर थांबा, कारण ओलीवर पॉलियुरेथेन बाइंडर (रबराचे दाणे जोडणारा चिकट पदार्थ) फेसाळतो आणि थर सुटतो.

ठोकळे रेझिन अँकरने (काँक्रीटच्या भोकात रेझिनने चिकटवलेल्या बोल्टने) बसवा. भोकातली धूळ ब्लोअरने पूर्ण काढायला लावा, उभं राहून बघा. धूळ राहिली तर रेझिन धुळीलाच चिकटतं आणि महिन्याभरात बोल्ट हातात येतो.

उत्तर 2: घुमट नकोच, ओला झाला की पाय घसरतो. माथा सपाट, कडा गोल असा ठोकळा घ्या. काळा रंगही नको, मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय भाजतात. करड्या जमिनीवर पिवळे ठोकळे अंधुक दिसणाऱ्या मुलालाही कळतात. सपाट जमिनीवर गडद गोल नक्षी काढू नका, ती खड्ड्यासारखी भासते.

व्हीलचेअरवरून सरकून बसायला 40 सें.मी.चा गोल ठोकळा अपुरा आहे. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) नियमांत अशा बैठकीला किमान 61 सें.मी. रुंदी, 36 सें.मी. खोली आणि जमिनीपासून 28 ते 45 सें.मी. उंची लागते. तसा एक आयताकृती ठोकळा घ्या, शेजारी धरायला दांडा लावा, आणि तिथवर दीड मीटर रुंद, कडक, सपाट वाट न्या. पुढची प्रत्येक पायरी 20 सें.मी.पेक्षा कमी ठेवा, म्हणजे हातांच्या जोरावर खाली उतरता येईल.

प्रश्नकर्ता: ठोकळ्यांत अंतर किती?

उत्तर 2: लहानांच्या रांगेत कडेपासून कडेपर्यंत 15 सें.मी., सगळे 10 सें.मी. उंच. मोठ्यांसाठी वेगळी रांग: 30 सें.मी. अंतर, उंची 10-20-30-20-10. दोन्ही एकाच रांगेत मिसळलं तर लहान मूल मधेच अडकतं आणि मागचं त्याला ढकलतं.