सोसायटी ग्रुप : मुलांना कुठलं प्राणिसंग्रहालय दाखवायचं?

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी 🙏 दिवाळीच्या सुट्टीत मुलांची एक दिवसाची सहल काढायची असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. प्राणिसंग्रहालयाला बहुतेकांचा होकार आहे, कुठलं ते ठरवायचंय. नुसतं नाव नको. स्वतः पाहिलेलं, आवडलेलं सांगा आणि का आवडलं तेही लिहा.

ए-२०१ : मुंबईची राणीबाग! आमच्याकडे सध्या पेंग्विनशिवाय दुसरा विषय नाही.

बी-१०२ काकू : मुंबई म्हणजे पहाटे निघायचं आणि रात्री परतायचं. पहिली-दुसरीतली पोरं दमतात गं. आपल्या पुण्यातलं कात्रजचं प्राणिसंग्रहालय दारात आहे.

ए-२०१ : काकू, कात्रज सगळ्यांचं बघून झालंय ना पण.

सी-४०४ : ताई, वाघ, सिंह, हत्ती बघून झालेत. सर्पोद्यानाकडे लोक शेवटी वळतात, तोवर पाय दुखायला लागलेले असतात आणि मुलं खाऊ मागत असतात. मी कुणाला घेऊन गेलो की आधी तिथेच नेतो. कात्रजचं खरं वैशिष्ट्य तेच आहे. पेशवे पार्कातले प्राणी १९९९ मध्ये तिकडे गेले, पण सर्पोद्यान त्याच्या आधीचं, १९८६ चं. नीलिमकुमार खैरे यांनी ते उभं केलं. १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले होते ते. साप उगाच अंगावर येत नाही हे लोकांना पटावं, एवढ्यासाठी.

बी-५०३ आजोबा : आठवतंय. पेपरात रोज बातमी यायची.

सी-४०४ : आजोबा, आज पुण्यात साप निघाला की लोक काठी शोधण्याआधी सर्पमित्राला फोन लावतात, त्यामागे त्या पिढीची मेहनत आहे. पावसाळ्यात आपल्या पार्किंगमध्ये धामण निघाली तेव्हा केवढी धावाधाव झाली होती! मुलांना एकदा काचेपलीकडे नाग आणि बिनविषारी धामण शेजारी शेजारी दाखवली की पुन्हा सांगावं लागत नाही.

मुलांनी चार विषारी साप नीट ओळखायला शिकावं असं मला मनापासून वाटतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडचे सर्पदंशाचे बहुतेक गंभीर प्रकार या चौघांचेच. मण्यार आणि कवड्या यांत तर मोठी माणसंही गोंधळतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशी ठळक असतात, शेपटीकडे विरतात. कवड्या बिनविषारी आहे, घरात पाली खायला येतो. घोणस आणि अजगराचंही तसंच. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे ठिपक्यांचे तीन पट्टे असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

ए-६०२ : दादा, हे सेव्ह करून ठेवतोय. आमचं घर तळमजल्यावर असताना खूप भीती वाटायची.

बी-५०३ आजोबा : आता थोडं राणीबागेबद्दल लिहू द्या. माझं बालपण चिंचपोकळीच्या चाळीत गेलं. रविवारी वडील चालत न्यायचे. पेंग्विनसाठी जरूर जा, पण राणीबाग प्राण्यांहून जास्त झाडांची आहे, हे मुंबईकरसुद्धा विसरतात. बाग १८६२ ची. दीडशेहून जास्त वर्षं जपलेली झाडं मुंबईत एका जागी एवढी दुसरीकडे सापडणार नाहीत. फाटकातून आत गेलात की घाई करू नका. गोरखचिंचेचं खोड बघा. तीन-चार मुलांनी हात धरले तरी कवेत येत नाही. मूळचं आफ्रिकेतलं झाड, खोडात पाणी साठवून ठेवणारं. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लगडतात, फळं तोफगोळ्याएवढी. आणि उर्वशी! म्यानमारचं झाड, थंडी सरता सरता फुलतं. लालगुलाबी फुलांचे लोंबते घोस असे येतात की माणूस बोलायचं थांबतो. आपल्या देशात हे झाड फार थोड्या ठिकाणी आहे.

मध्यंतरी बागेच्या आराखड्यात ही झाडं धोक्यात येतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा मुंबईतल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ती वाचवली. तिकीट काढून आत जाणाऱ्या प्रत्येकानं त्यांचे आभार मानावेत असं मला वाटतं.

बी-१०२ काकू : भाऊ, तो दगडी हत्ती पण तिथेच ना?

बी-५०३ आजोबा : हो वहिनी, शेजारीच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. घारापुरीचा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते जोडून १९१४ मध्ये तो इथे उभा केला. ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा चौकाला नाव पडलं, तो पुतळाही १९६५ पासून राणीबागेतच आहे. एका चालीत किती मुंबई दिसते बघा.

ए-२०१ : आजोबा, किती छान लिहिलंत! पेंग्विनबद्दल पण सांगा ना, लेक शेजारीच बसलीये.

बी-५०३ आजोबा : तिला सांग बाळा, हे बर्फातले पेंग्विन नाहीत. हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही, खडक आणि थंड समुद्र आहे. म्हणून राणीबागेतही त्यांच्याकडे बर्फ नाही, खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांत दगावला. तेव्हा आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. पुढे तिथे पिल्लं झाली, वाढली. आता बाहेर उभं राहून त्यांचं पोहणं बघताना वेळ कसा जातो कळत नाही. जमिनीवर ते अडखळत चालतात आणि पाण्यात पडले की बाण सुटल्यासारखे जातात. हा फरक तिला बघू दे.

सी-३०१ : राणीबागेतली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आमच्या संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून गेलेली, २०२० मध्ये. बसस्टँडजवळची छोटीशी बाग, पण वाघांची पैदास तिथे इतकी चांगली झाली की दुसऱ्या शहरांना वाघ देता आले. मला त्या बागेचा अभिमान आहे.

बी-३०३ : आम्ही नागपूरचे. महाराजबाग आठवली. भोसल्यांच्या काळातली बाग, आता कृषी विद्यापीठ चालवतं. प्राणिसंग्रहालय चालवणारं कृषी विद्यापीठ मी दुसरं ऐकलं नाही. शहराच्या मधोमध आहे, त्यामुळे संध्याकाळी सहज जाता यायचं. आता गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालयही झालंय, २०२१ मध्ये प्रजासत्ताकदिनी सुरू झालं. तिथे प्राणी मोकळ्या जंगलात आणि माणसं गाडीत. अस्वलांचा भाग मला वाघापेक्षा आवडला.

ए-६०२ : गोव्याला जाणाऱ्यांनी बोंडला चुकवू नका. उसगावजवळ, दाट झाडीत. अभयारण्य जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, पण आतल्या प्राणिसंग्रहालयात गवा इतक्या जवळून दिसतो की त्याच्या खांद्याची उंची कळते. गुरुवारी बंद.

बी-७०१ : सगळ्यांचं वाचतेय. मला एक विचारायचंय, राग मानू नका. पिंजऱ्यातला प्राणी बघायला मला त्रास होतो. कॉलेजला गेल्यापासून मी जाणंच सोडलं. मुलांना आपण काय शिकवतोय?

बी-१०२ काकू : राग कसला बेटा, प्रश्न बरोबर आहे तुझा. शाळेत शिकवत असताना मुलांना नेण्याआधी दर वर्षी मी हाच विचार करायचे. पूर्वी खरंच वाईट होतं. सिमेंटची फरशी, गज, चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, त्याच्या मान्यतेशिवाय आता कुणाला प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. जागा किती हवी, डॉक्टर हवा, आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी हवी, असे नियम झाले. कात्रज बुधवारी बंद असतं ते त्यासाठी. प्राण्यांना खायला घालणं, चिडवणं, आरडाओरडा करून त्रास देणं हा वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-जे खाली गुन्हा आहे. लोकांना हे माहीतच नसतं.

सी-४०४ : आणि बी-७०१, यातले बरेच प्राणी हौसेनं पकडून आणलेले नसतात. जुन्नर भागात उसाच्या तोडणीत बिबट्याची पिल्लं सापडतात. शक्यतो रात्रीतून आईकडे परत पोचवतात, पण कधी आई येत नाही, कधी बिबट्या विहिरीत पडून किंवा सापळ्यात पाय जाऊन कायमचा जायबंदी होतो. तो जंगलात सोडला तर उपाशी मरेल. माणिकडोहचं निवारा केंद्र अशांसाठीच आहे, ते काही बघायला उघडं नाही. कात्रजलाही जखमी, पोरक्या प्राण्यांचं अनाथालय आहे, लोक घारी, घुबडं, माकडं आणून देतात.

गिधाडांचंही सांगतो. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं, अशी मेलेली गुरं खाऊन, आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर उरली होती किती! हरियाणात पिंजोरला आणि भोपाळ, जुनागढ अशा ठिकाणी बंदिवासात अंडी उबवून पिल्लं वाढवली, म्हणून आज ती पुन्हा सोडता येतायत. जंगलात उरलेली गिधाडं तशीच राहू दिली असती तर आपण त्यांची चित्रंच बघत बसलो असतो.

बी-७०१ : गिधाडांचं माहीत नव्हतं. पण पांढऱ्या वाघाचं काय? त्याला तर जंगलात जागाच नाही.

सी-४०४ : तिथे मी पूर्ण तुझ्या बाजूनं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. १९५१ मध्ये रीव्याच्या जंगलात मोहन नावाचं एक पिल्लू पकडलं, त्याच्याच वंशात पुन्हा पुन्हा जोड्या लावून यातली बहुतेक पैदास झाली. नात्यातल्या जोड्यांमुळे तिरळेपणा आणि इतर व्यंगं आली. लोकांना आवडतो म्हणून आणखी पांढरे वाघ जन्माला घालणं मला अजिबात पटत नाही. आहेत त्यांना नीट सांभाळावं. मुलांनाही हे स्पष्ट सांगायला हवं, त्यांना समजतं.

बी-१०२ काकू : समजतं, अगदी पाचवीच्या मुलांनाही. आता माझं म्हणणं मांडते, मग मंडळी ठरवतील.

कुठलंही प्राणिसंग्रहालय सगळं बघायला गेलं की वाया जातं. १३० एकरांचं कात्रज, त्यातला तलावच ४२ एकरांचा. मुलं पळत सुटतात, प्रत्येक पिंजऱ्यापुढे अर्धा मिनिट, शेवटी कुठला प्राणी कुठे होता हेही आठवत नाही. मी मुलांच्या जोड्या करायचे आणि प्रत्येक जोडीला एक प्राणी द्यायचे. वही घेऊन त्याच्यापुढे वीस मिनिटं बसायचं. काय खातो, कान कुठे वळवतो, दुसरा जवळ आला की काय करतो, ते लिहायचं. पहिली पाच मिनिटं चुळबुळ असते. मग एखादं मूल ओरडतं, "बाई, त्यानं दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवले!" सरड्याकडे बघून. ते मूल आयुष्यभर सरड्याला दगड मारत नाही.

कात्रजला याची फार सोय आहे. हरणांपाशी उभं करून विचारायचे, शिंगांत फरक काय? चितळ, सांबर यांची शिंगं फांद्या फुटलेली, दर वर्षी गळून नवी येतात. काळविटाची पीळदार, ती गळत नाहीत. काळवीट हरणांच्या नव्हे, कुरंगांच्या कुळातला. नीलगायसुद्धा तशीच, नावात गाय असली तरी. मगरीपाशी गेलं की शेजारच्या सुसरीचं लांब निमुळतं तोंड दाखवायचं. ते मासे पकडायला, माणसं गिळायला नाही.

हे सगळे आपल्याच मातीतले प्राणी आहेत. पुण्याच्या मुलानं जिराफाआधी लांडगा, तरस आणि चिंकारा ओळखावा. सासवड-सुप्याच्या माळांवर ते आजही आहेत. ओळख असेल तर माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे त्यांना मोठेपणी कळेल.

बी-५०३ आजोबा : वहिनी, पटलं. आणि पुण्याला या हौसेची परंपरा आहे. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबटांनी १७९० मध्ये काढलंय. आधी मुलांना ते चित्र दाखवा, त्यांना प्रत्येकाला चित्र काढायची इच्छा होईल.

ए-२०१ : ठीक आहे, मी माझं मत बदलते. आधी कात्रज, आणि पेंग्विनसाठी उन्हाळ्यात आम्ही दोन-तीन घरं मिळून डेक्कन क्वीननं जाऊ, दादरला उतरून लोकलनं भायखळा. आजोबा, तुम्ही चला आमच्याबरोबर, झाडं दाखवायला.

बी-५०३ आजोबा : येतो की! फेब्रुवारीत जमवा, उर्वशी फुललेली मिळेल. बुधवार टाळा, राणीबागही बुधवारी बंद.

बी-७०१ : मी पण येईन कात्रजला. एक सुचवू? मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेता येतो, म्हणजे त्याच्या खाण्याचा खर्च आपण द्यायचा. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत मुलांच्या नावानं एखादा छोटा प्राणी घेता येईल का?

सेक्रेटरी : उत्तम सूचना. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घेतो, बोरिवलीला फोन करून रक्कम विचारून ठेवतो.

सहलीचं पक्कं : कात्रज, सुट्टीतला पहिला गुरुवार, फाटक उघडताना पोचायचं. दुपारी सगळे प्राणी सावलीला झोपतात. सर्पोद्यान आधी. प्रत्येक मुलाकडे वही, पेन्सिल, पाण्याची स्टीलची बाटली, टोपी. वेफर्सची पाकिटं कुणीही देऊ नका, ती माकडांच्या हाती जातात. काकू, जोड्या आणि प्राणी तुम्ही ठरवून यादी टाका. दादा, सर्पोद्यानाची जबाबदारी तुमची.

बी-१०२ काकू : रात्री टाकते यादी. सरडा, गवा, तरस, सांबर, मगर, सुसर, घोणस यांना मुलं हवीत. वाघ मात्र कुणालाच देणार नाही, तो सगळे तसाही बघतात.

ए-६०२ : तरस आमच्या बंड्याला द्या काकू, त्याला आत्तापासून माहिती काढायला बसवतो.

सेक्रेटरी : मुलांची नावं, इयत्ता आणि बरोबर येणाऱ्या पालकांची नावं रविवारपर्यंत इथेच टाका 🙏